कर्णा कोणाचा?

रात्री शेजारच्या मांडवातला कर्णा गर्जत राहतो, आजारी माणूस तळमळतो, मुलांचा अभ्यास बुडतो आणि आपण चिडतो. चिडणे रास्तच आहे. २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो चेन्नईतील एका ख्रिस्ती मंडळीच्या ध्वनिक्षेपकांविषयी! इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा, असे कोणताच धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या नाताळच्या गायनफेरीने कोणाची झोप मोडते काय, हे आपण कधी शेजाऱ्याला विचारले आहे? तक्रार अवश्य करावी; परंतु आधी आपला कर्णा खाली उतरवावा. एलीयाला देव वादळात नव्हे, मंद वाणीत भेटला.