फॉरमॅट मारण्याआधी

सदाशिव पेठ, पुणे

चि. बंटीस,

काल ताईचा फोन आला. येत्या रविवारी तू घरचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारून त्यावर विंडोज ११ टाकणार आहेस, हे तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. जरूर टाक. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि त्याच मशीनवर भाऊजी बँकेचे व्यवहार करतात. म्हणजे आज ना उद्या हे करायचंच होतं. मशीनला ११ चालतं का, हे तू पाहिलं असशीलच. टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. ते तुझं तू बघ. मी लिहायला बसले ते "बॅकअप कशाला, सगळं डी ड्राइव्हला टाकलंय" हे तुझं वाक्य ताईने जसंच्या तसं ऐकवलं म्हणून.

अरे, तुमच्या कॅबिनेटमध्ये डिस्क एकच आहे. सी आणि डी हे तिचेच दोन तुकडे. इन्स्टॉलर मध्येच पार्टिशनांची यादी समोर ठेवतो. तिथे सी, डी अशी नावं नसतात, नुसते आकडे आणि आकारमान असतं. घाईत एक ओळ खाली डिलीट दाबलं गेलं की डीही संपला. हार्ड डिस्क असेल तर रिकव्हरीवाले थोडंफार काढून देऊ शकतात. एसएसडी असेल तर तीही आशा फारशी धरू नकोस, कारण कोणती जागा पुसली हे विंडोज त्या डिस्कला लगेच कळवतं आणि डिस्क ती जागा खरोखरच रिकामी करून टाकते. "विंडोज.ओल्ड फोल्डरात जुनं सगळं राहतं" असंही तुला कोणीतरी सांगेल. पार्टिशन फॉरमॅट केलं तर काहीच राहत नाही. न करता टाकलं तर राहतं, पण साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढून टाकतं.

कॉपी करण्याबद्दल फार लिहीत नाही, ती तुला येते. सी ड्राइव्हमधला युजर्सचा अख्खा फोल्डर उचल, निवडत बसू नकोस. लपवलेल्या फायली दिसतील असं आधी करून घे, नाही तर ॲपडेटा मागे राहील. आउटलुकची जुनी टपाल कधी कधी तिथेच असते आणि सर्व्हरवर तिची दुसरी प्रत असेलच असं नाही. बाहेरची हार्ड डिस्क फॅट३२ पद्धतीची असली तर ४ जीबीहून मोठी फाइल ती घेत नाही, म्हणजे तुझ्या मुंजीचा व्हिडिओ नेमका अडकेल. आणि इन्स्टॉलर बनवायला जो ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेशील, तो पूर्ण पुसला जातो. फोटोंचा पेनड्राइव्ह त्या कामाला घेऊ नकोस, एवढंच.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. फोटोंची आठवण सगळ्यांनाच होते, ते सहसा जात नाहीत. जातं ते, जे जुनं विंडोज जिवंत असतानाच करून घ्यावं लागतं. ते काम नुसत्या कॉपीने होत नाही, आणि फॉरमॅटनंतर करायला वाव उरत नाही.

आपल्यासारख्या घरात यात पहिला नंबर मराठी फायलींचा. मी तीस-एक वर्षं डीटीपीत काढली, म्हणून हे जरा ठासून सांगते. भाऊजींनी आईकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, शाळेची स्मरणिका, कुळाची वंशावळ हे सगळं त्यांनी श्रीलिपीत आणि कृतिदेवमध्ये टाइप केलंय, काही वर्डमध्ये, काही पेजमेकरमध्ये. तू युनिकोडमध्ये वाढलास. तुझ्या फोनवरचं मराठी कुठेही मराठीच दिसतं. त्या जुन्या फॉन्टांचं तसं नव्हतं. फाइलमध्ये साठवलेली असते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खूण, आणि त्या खुणेवर देवनागरीचा आकार चढवतो तो फॉन्ट. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द फॉन्टाविना उघडलास तर ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं दिसतील. फाइल शाबूत, मजकूर शाबूत, पण वाचता येणार नाही. बरं, प्रत्येक कंपनीची खूण निराळी. कृतिदेवचं कोष्टक श्रीलिपीला चालत नाही. सीडॅकच्या आयएसएममधल्या सुरेख, योगेश या फॉन्टांचं आणखी वेगळं.

तेव्हा फॉन्ट सगळे उचल. ते दोन ठिकाणी असतात. विंडोजच्या फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये तर असतातच. पण २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये साधं 'इन्स्टॉल' दाबून टाकलेले फॉन्ट त्या युजरच्या ॲपडेटामध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेने खोल जाऊन बसतात. नवं विंडोज टाकलं की निर्मला मिळेल, श्रीलिपी मिळणार नाही. भाऊजींची श्रीलिपी डोंगलवर चालते. तो डोंगल आणि मूळ सीडी त्यांच्याकडून आजच मागून घे, रविवारी शोधाशोध नको. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा असेल तर विंडोज ११ वर तो चढणारच नाही, कारण ११ हे फक्त ६४ बिटांतच येतं.

पेजमेकरचं तर विचारूच नकोस. ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ ची. अडोबीचं इनडिझाइन सीएस६ पर्यंत त्याच्या फायली उघडत असे, आताचं उघडत नाही. म्हणून शनिवारचा दिवस फक्त याला दे: भाऊजींना शेजारी बसव, महत्त्वाची प्रत्येक फाइल उघड आणि तिची पीडीएफ काढ. विंडोज १० मध्येच 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' आहे, वेगळं काही आणायला नको. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, त्यामुळे ती फॉन्ट नसलेल्या मशीनवरही वाचता येते. मूळ फायलीही ठेवायच्याच. पुढे कधी कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणल्यास तर रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. तेव्हा पडताळायला ही पीडीएफ लागेल. कंटाळवाणं काम आहे. मला विचारशील तर सगळ्या बॅकअपमध्ये हेच सर्वांत मोलाचं आहे, कारण तुझ्या मुंजीचे फोटो चार नातेवाइकांकडे असतील, त्या ओव्या मात्र या एका मशीनवर आहेत.

ताईच्या बचत गटाचा हिशेब टॅलीत आहे. टॅलीचा स्वतःचा बॅकअप घे आणि लायसन्स त्या मशीनवरून सरेंडर कर. त्यासाठी टॅली आणि इंटरनेट दोन्ही चालू लागतं. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड गुगल खात्याशी सिंक आहेत का ते बघ. नसतील तर एक्स्पोर्ट करून घे, पण ती फाइल कोणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की लगेच उडव. (भाऊजी पासवर्ड पंचांगाच्या मागे लिहून ठेवतात. त्यांना हसू नकोस, या वेळी तेच उपयोगी पडेल.) डिस्कला बिटलॉकर लावलेलं असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घे, नाही तर नव्या विंडोजमधून डी उघडायला जाशील आणि ते किल्ली मागत बसेल.

वनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप झाला असं धरू नकोस. तिथे सिंक असतं. इकडून फाइल उडाली की तिकडचीही उडते. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची माझ्याकडे पाठव, माझ्या कपाटात जागा आहे.

प्रती झाल्या की त्या डिस्का दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरला लाव आणि फायली उघडून बघ. 'कॉपी पूर्ण' हा संदेश पुरेसा नाही. कॉपी केलेले फॉन्ट त्या मशीनवर टाक आणि ओव्यांची मूळ फाइल उघड. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर फॉन्ट राहिले, परत घरी ये.

आणि माझं ऐकशील तर फॉरमॅट मारूच नकोस. एक नवी एसएसडी घे, विंडोज ११ तिच्यावर टाक, आणि तसं करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेव. जुनी डिस्क वर्षभर तशीच राहू दे. काही राहिलंच असेल तर यूएसबी केसिंगमध्ये घालून कधीही वाचता येईल. तेवढा खर्च मी देईन, ताईला सांगू नकोस. तरीही पीडीएफ, टॅली आणि डोंगल यांतलं काहीच टळत नाही, ते जुन्या विंडोजवरच उरकायला हवं. शनिवारी पुरं झालं नाही तर रविवार पुढे ढकल, पण तोवर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह मशीनला लावू नकोस.

तुझी,
मावशी