एलियाने भाकरी मागितली



आजच्या पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा सारफथच्या गरीब विधवेकडे भाकरी मागतो. घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल, एवढेच.

याच एलियाच्या स्मरणार्थ कोकणातील बेने इस्राएल यहुदी मलिदा करतात. अलिबागकडे त्यांचे तेलाचे घाणे असत. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिले ‘शनिवार तेली’. मलिद्याला भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळे. प्रार्थना होते आणि ताट सर्वांना वाटतात. एकट्याने खायचा हा पदार्थच नव्हे! १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. मलिदा तिथेही होतो. चव सोबत गेली. शेजारीण मात्र अलिबागकडेच राहिली.

आपल्या कोल्हापुरातही मुले पुण्या-मुंबईस गेलेली, जुनी मैत्रीण देवाघरी गेलेली आजी आहेच. तिला आपण डबा पोचवतो, ते चांगलेच. पण तिच्या हातचे काही कधी मागितले का? एलियाने विधवेकडे डबा नेला नव्हता. या आठवड्यात आपण तिच्याकडे जाऊ. कृती तिला पाठ आहे, हातात बळ नाही इतकेच. नारळ आपण खवून देऊ.