नामांतर आणि ऋणमुक्ती

एखाद्या ज्ञानशाखेने आपले नाव बदलले, म्हणजे ती भूतकाळाच्या ऋणातून मुक्त झाली असे म्हणता येईल काय? जर्मनीतील 'फोल्क्सकुंडे' या लोकजीवनविषयक विद्येच्या संदर्भात हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. १९३३ नंतर या विद्येतील अनेक अभ्यासक नाझी राजवटीच्या सेवेत रुजू झाले. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'आनेनएर्बे' या संस्थेने तर लोकरूढी आणि चिन्हे यांना वंशश्रेष्ठत्वाचे पुरावे म्हणून राबविले. विद्या निर्दोष होती, राजकारणाने तिला बाटविले, असा बचाव युद्धोत्तर काळात पुढे करण्यात आला.

हा बचाव तपासायचा तर बरेच मागे जावे लागते. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा दुसरा खंड १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत डोरोथेआ फीमान या कथनकर्तीचा गौरव कासेलजवळच्या खेड्यातील शेतकरीण म्हणून केलेला आहे. वस्तुतः ती शिंप्याची पत्नी आणि खानावळ चालविणाऱ्याची मुलगी होती. तिचे पूर्वज फ्रान्समधून परागंदा झालेले ह्युगनॉट होते. ग्रिम बंधूंनी तिच्या कथा आस्थेने टिपून घेतल्या. तेथे द्वेषाचा लवलेश नाही, आणि तेथून नाझींपर्यंत सरळ रेषा ओढणे अन्यायाचे ठरेल. तरीही निर्वासितांची ही वंशज जशी होती तशी 'लोक' या कल्पनेत मावली नाही, हे नाकारता येत नाही. 'लोक' कोण हे अभ्यासकाने आधीच ठरविले होते. ते प्रेमाने ठरविले, एवढ्याने त्या अधिकाराचे स्वरूप बदलत नाही. पुढे सत्तेच्या हाती हा अधिकार आयताच पडला.

हेर्मान बाउसिंगर यांनी १९६१ मध्ये तंत्रयुगातील लोकसंस्कृतीची मीमांसा करून 'लोक' म्हणजे अस्पर्श ग्रामजीवन, या समजुतीला छेद दिला. १९७१ मध्ये ट्युबिंगेन येथील त्यांच्या संस्थेने 'अनुभवनिष्ठ संस्कृतिविज्ञान' हे नाव स्वीकारले. या विषयाच्या जर्मन परिषदेने ते २०२१ मध्ये स्वीकारले. आत्मपरीक्षणाची खूण म्हणून या नामांतराचे मोल मोठे आहे. परंतु 'संस्कृती' हा शब्दही कोणाला तरी बाहेर ठेवू शकतोच. म्हणून ऋण फिटते ते नावाने नव्हे. आपल्या व्याख्येत बसावे म्हणून कोणाला वेगळे रूप घ्यावे लागले, हा प्रश्न प्रत्येक संग्रहाला पुन्हा पुन्हा विचारत राहणे, हीच त्या ऋणाची परतफेड होय. आणि ती कधीच पुरी होत नाही.