पिंजरा आणि तारूं

ज्या प्राण्यानें कोणाचा अपराध केला नाहीं, त्यास त्याच्याच कुळाच्या रक्षणासाठीं कोंडून ठेवणें न्याय्य आहे काय? इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडींत जर्सी नांवाचें लहानसें बेट आहे. तेथें जेराल्ड डरेल यांनीं १९५९ सालीं वन्य प्राण्यांचें उद्यान स्थापिलें. नामशेष होत चाललेल्या जातींची जोपासना करावी व शक्य तेव्हां त्यांस स्वस्थानीं परत पाठवावें, हा त्यांचा हेतु. मॉरिशस बेटावरून कायमचा नाहींसा झालेला डोडो पक्षी त्यांनीं संस्थेचें चिन्ह म्हणून निवडला.

आईबाप मुलांस घेऊन तेथें जातात. मुलें गोरिला पाहून हरखतात. प्रवेशशुल्काचा पैसा प्राणिरक्षणाच्या कामीं लागतो. यांत वावगें कांहीं नाहीं. तथापि बंदिवानानेंच आपल्या कुळाच्या सुटकेचा खर्च भागवावा, हें मनास बोंचतें.

डरेल यांनीं आपल्या एका पुस्तकास ‘स्थिर तारूं’ अशा अर्थाचें नांव दिलें. नोहाच्या तारवांतही प्राणी कोंडलेले होतेच. परंतु पाणी ओसरल्यावर दार उघडलें. आमच्या मतें पिंजऱ्याची कसोटी हीच. मॉरिशसचे लहान ससाणे १९७४ सालीं रानांत अवघे ४ उरले होते. या संस्थेच्या साह्यानें त्यांची पैदास होऊन पुढें शेंकडों पक्षी रानांत सोडण्यांत आले. आपल्या आसामांतील बुटकीं रानडुकरें तशींच. १९९६ सालीं मानसच्या गवताळ रानांतून ६ पकडलीं, आणि २००८ सालापासून त्यांची संतति रानांत सोडण्यांत येऊं लागली. गवत राखलें नसतें, तर तीं सोडावयाचीं तरी कोठें?

परंतु जांबो नामक गोरिलाचें काय? तो १९६१ सालीं स्वित्झर्लंडांत बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांत जन्मला व १९९२ सालीं जर्सींत मेला. आफ्रिकेचें अरण्य त्यानें कधीं पाहिलें नाहीं. १९८६ सालीं ५ वर्षांचा एक मुलगा तटावरून त्याच्या आवारांत पडून बेशुद्ध झाला. वर लोक आक्रोश करूं लागले. जांबो मुलाजवळ आला, इतर गोरिलांच्या आड उभा राहिला, आणि मुलाच्या पाठीवरून त्यानें हळूच हात फिरविला. मूल शुद्धीवर येऊन रडूं लागतांच तो आपल्या कळपासह दूर निघून गेला.

आमच्या कसोटीस त्याचा पिंजरा उतरत नाहीं, हें आम्ही कबूल करतों. कुळाचें हित झालें म्हणून त्या एका जिवाचें ऋण फिटलें, असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. त्या उद्यानांत जांबोचा पुतळा उभारला आहे.