जुनी बंदूक कोणाला द्यावी?

२०१९च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आल्या. जास्तीची वर्षभरात पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. अमरावती-अकोल्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली ठासणीची बंदूक ज्या घरात असेल, तिथे आधी तीच विकून टाकावी असे वाटणार. व्यवहाराला हे पटते, धर्माला पटू नये. कठोपनिषदातल्या नचिकेत्याच्या मनात बापाचे दान पाहून हाच प्रश्न येतो: दूध आटलेल्या गाई देऊन कसले पुण्य? त्या गाईंनी घेणाऱ्याला इजा तरी होत नव्हती. गंजलेली नळी मात्र त्याच्या हातात फुटू शकते. हे दान नव्हे, विक्री आहे, घेणारा पारखून घेईल, असे कोणी म्हणेल. पण त्या नळीचा इतिहास विकणाऱ्यालाच ठाऊक असतो, म्हणून दोषही त्याच्याकडेच राहतो. विकायची तर निर्दोष बंदूक विकावी, आणि निकामी झालेली नष्ट करण्यासाठी पोलिसांच्या हवाली करावी, पैसा न मिळाला तरी.

याहून खोल आक्षेप श्रद्धेचा आहे. खंडेनवमीला पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले आजोबांचे हत्यार मोडीत कसे काढावे? ती पूजा लोखंडाची नव्हती, त्याने केलेल्या राखणीची होती. राखण संपली की हत्याराला निरोप देण्यात आजोबांचा अपमान नाही. त्याच नवरात्रातले घट आपण पूजा करूनच उठवतो.