पायी वारीचा नेम आणि देहाचे दोन विकार

आळंदीहून पंढरी सुमारे २५० किलोमीटर. हा पल्ला पायी चालण्याचा नेम ज्याने ३० वर्षे सांभाळला, त्याचे गुडघे झिजले आणि हृदयही दुबळे झाले, तर त्याने नेम सोडावा की देह सोडावा? माळकरी मंडळी आम्हांस हा प्रश्न वारंवार पुसतात. तो आमचाही आहे. दोन्ही विकार आमच्या घरी वस्तीस आहेत.

एकच दुखणे असते तर सोपे होते. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, रोज चाला. गुडघा म्हणतो, बस की बाबा! बसून राहावे तर मांडीचे स्नायू वाळतात आणि वजन चढते. वजन एक किलो उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे ऐकल्यापासून आम्ही पंगतीत दुसरा लाडू घेत नाही. पण खरी अडचण औषधाची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या कळ थांबविणाऱ्या गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवितात, हृदयाच्या झटक्याचा धोका वाढवितात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आयब्युप्रोफेन तिच्या कामात आडवी येते. आणि दिंडीत तर या गोळ्या बुक्क्यासारख्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात!

कोणी म्हणेल, ‘देह नाशिवंत, त्याची एवढी चिंता कशाला?’ बापहो, देहाची चिंता नाही तर मग गोळी कशाला मागता? ती देहासाठी नसते, ती ‘आमची ३१वी पायी वारी’ या आकड्यासाठी असते. देहाचा अभिमान सोडण्यापेक्षा नेमाचा अभिमान सोडणे फार कठीण, असे आम्हांस वाटते. तो भक्तीच्या वेषात येतो, म्हणून ओळखू येत नाही.

सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मे सांगितली. त्यांत जानु हे वैकल्यकर मर्म, हृदय हे सद्यःप्राणहर. एकाच्या आघाताने मनुष्य लंगडा होतो, दुसऱ्याच्या आघाताने जातो. तेव्हा हृदयासाठी गुडघ्याने थोडी कळ सोसावी. गुडघ्याच्या सुखासाठी हृदय पणाला लावू नये.

आणि वाहनाने गेलेली वारी ती वारीच नव्हे काय? २०२० साली साथीमुळे माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. त्या वर्षी वारी चुकली असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

मात्र दुखण्याचे निमित्त करून खाटेवर पडून राहणारेही आम्ही पाहतो. त्यांना आम्ही काही सांगत नाही, कारण ते विचारायलाच येत नाहीत.

आमचे म्हणाल तर, निरूपण आता स्टुलावर टेकून करतो. एका जुन्या टाळकऱ्यास ते रुचले नाही. अहो, अठ्ठावीस युगे उभे राहणे एका विठोबालाच साधते! येत्या आषाढीस वाखरीपर्यंत एस.टी., पुढे काठी टेकीत जमेल तितके. छातीत दाटले तर जागीच बसावयाचे, सोबत्याकडून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयाची. दिंडी पुढे गेली तर जाऊ द्यावी. आणि बटव्यात बुक्क्याच्या पुडीशेजारी चालू औषधांच्या नावांचा कागद, ठळक अक्षरांत.