रुग्णशय्येपाशी पाहण्याची मर्यादा

रोग्याचे शरीर न उघडता त्याच्या अंतर्भागाची वार्ता मिळवावी, ही वैद्याची आकांक्षा फार जुनी आहे. १७६१ साली व्हिएन्नाच्या ऑएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या नादाचा अर्थ लावण्याची रीत ग्रंथबद्ध केली, १८१६ साली पॅरिसच्या लाएनेकने नळी लावून हृदयाचे ध्वनी ऐकले आणि १९५८ साली ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांनी कानाला अगोचर अशा ध्वनिलहरींच्या साहाय्याने पोटातील गाठींची चित्रे प्रसिद्ध केली. सोनोग्राफीचे तेच यंत्र आता इतके लहान झाले आहे की ते डॉक्टरच्या खिशात मावते. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाने २००६ पासून ही विद्या वैद्यकाच्या चारही वर्षांच्या अभ्यासक्रमात गोवली. आपल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही ती रुग्णशय्येपाशीच शिकवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र यंत्र चालवण्याचे कसब देताना आपण कोठवर पाहायचे आणि पाहिलेल्याबद्दल किती बोलायचे, याची शिस्तही त्याच्या अंगी बाणवली पाहिजे.

अपघातातील एखादा जखमी इसम वॉर्डात आणला आहे, त्याची नाडी जलद आहे आणि रक्तदाब उतरत आहे, असे समजू. विद्यार्थी उजव्या कुशीवर, खालच्या बरगड्यांच्या सांदीत, प्रोब टेकवतो. जेल कमी पडले तर चित्र विरते, बरगडी आड आली तर काळी सावली पडते. मनगट किंचित वळवल्यावर यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांस लागून दिसू लागतात. त्या दोहोंमध्ये काळी पट्टी असेल तर तेथे द्रव साचला आहे, आणि अशा रोग्याच्या बाबतीत तो रक्तच असण्याचा संभव मोठा. प्लीहेजवळ, ओटीपोटात आणि हृदयाभोवती हेच पाहून झाले की चार जागांची ही तपासणी संपते. पट्टी कोठेही न दिसल्यास विद्यार्थी सुटकेच्या स्वरात ‘नॉर्मल आहे’ म्हणतो, आणि अध्यापकाचे खरे काम येथूनच सुरू होते. ‘या घटकेला, या चार जागी, मला द्रव दिसला नाही’ एवढेच म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. कारण रक्त थोडे असले किंवा पोटाच्या पडद्यामागे झिरपत असले तर ही तपासणी मूक राहते, आणि काही वेळाने प्रोब पुन्हा टेकवावा लागतो. विधानाची ही काटेकोर मर्यादा व्याख्यानाने शिकवता येत नाही. तिला रोगी आणि शेजारी उभा असलेला गुरू हे दोन्ही लागतात.

यंत्र आले म्हणजे हाताची विद्या लोपेल, ही वडीलधाऱ्या अध्यापकांची भीती मला अनादरणीय वाटत नाही. परंतु छातीत पाणी झालेल्या रोग्याच्या पाठीवर आधी बोटांनी ठोकून नाद कोठे बद्द होतो तेथे खूण करावयाची आणि मग प्रोबने ती खूण पडताळावयाची, असा क्रम नेमाने पाळला तर बोटांची चूक तत्क्षणी कळते, आणि ज्या हाताला आपली चूक कळते तो दिवसेंदिवस तयार होत जातो. क्रम उलटला तर मात्र ही भीती खरी ठरेल.

महाराष्ट्रात या शिस्तीला आणखी एक गंभीर बाजू आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा आपल्या राज्याने १९८८ सालीच केला आणि केंद्राने १९९४ साली. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ साली ९१३ होती ती २०११ साली ८९४ वर आली. ज्या प्रांतात या यंत्राने इतका अनर्थ केला तेथे यंत्राची नोंदणी आणि गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीचे दप्तर यांचा जाच वाटला तरी तो सोसलाच पाहिजे. परंतु कायद्याच्या धाकाने यंत्र कुलूपबंद ठेवून विद्यार्थ्याला अज्ञ राखणे, हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. नोंदलेले यंत्र, नियमानुसार पात्र अध्यापकाची समक्ष देखरेख, सरावातून गर्भवती स्त्रियांना वगळण्याचा दंडक आणि पहिल्याच तासाला या कायद्याचे वाचन, एवढी तजवीज कोणत्याही महाविद्यालयाला करता येईल.

वस्तुतः वैद्यकीय मर्यादा आणि नैतिक मर्यादा येथे एकरूप होतात. रोग्याच्या हितासाठी उपस्थित झालेल्या प्रश्नापुरतेच पाहावे आणि जे दिसले तेवढेच सांगावे, ही सवय ज्याला रक्ताची पट्टी शोधताना लागली, त्याला लोभाच्या किंवा दडपणाच्या प्रसंगीही तिचाच आधार मिळेल. म्हणून विद्यापीठांनी ही विद्या प्रात्यक्षिक परीक्षेत आणावी, आणि परीक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: या चित्रावरून तू काय सांगू शकतोस, आणि काय सांगू शकत नाहीस? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला उत्तीर्ण करू नये.